उरकुडाभाऊंची संभाव्य टंचाई

गावाला चारी बाजूंनी पुराचा वेढा पडलेला आहे, पायरीवर चढलेली मासोळी शेपटी हलवते आहे, आणि अशा वेळी डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ घेतलेला एक माणूस गुडघाभर पाण्यातून घरोघर फिरतो, कडी वाजवतो आणि विचारतो, "दुष्काळाची तयारी कुठवर आली?" अशा माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या 'मधला टोला' या गावात त्याला उरकुडाभाऊ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, कारण हे ते वाचणार आहेत आणि वाचून झाल्यावर शेरा मारणार आहेत.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. बदली होऊन मी टोल्याच्या शाळेवर नुकताच आलो होतो. पहिल्याच पावसाळ्यात वैनगंगा माझ्या अंगणात आली. मी पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून बाजेवर उभा होतो. पोहता येत नसलेल्या माणसाने जितकं गंभीर दिसावं तितका गंभीर. तेवढ्यात कडी वाजली. मला वाटलं, सोडवायला कोणी आलं.

"गुरुजी, पिण्याचं किती हाय?"

मी बोटाने अंगणाकडे दाखवलं.

"ते पाणी नोहे, तो पूर हाय," ते शांतपणे म्हणाले. "पूर वेगळ्या शाखेत येते. मी टंचाई पाहून राह्यलो."

त्यांनी माझा माठ वाकून पाहिला, झाकण नीट बसवलं, "असमाधानकारक" असं म्हणाले आणि शेजारच्या घराकडे निघून गेले. मी बाजेवर उभाच होतो. माझ्या त्या अवस्थेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. तो त्यांच्या शाखेचा विषय नव्हता.

मधला टोला हे बेट आहे. पुस्तकातल्या बेटावर नारळाची झाडं आणि भोवती निळा समुद्र असतो. आमच्या बेटावर मोह आहेत आणि भोवतीचं पाणी चहाच्या रंगाचं आहे. वैनगंगा इथे येऊन दोन धारांत फुटते आणि गाव ओलांडलं की पुन्हा एक होते. एका धारेपलीकडे चंद्रपूर जिल्हा, दुसरीपलीकडे गडचिरोली. कागदोपत्री आम्ही चंद्रपूरचे. पण अडचण आली की चंद्रपूरला वाटतं, गडचिरोलीचा काठ जवळ आहे. आणि गडचिरोलीला आपला नकाशा पाठ असतो.

पावसाळ्यात होडीशिवाय, आमच्या भाषेत डोंग्याशिवाय, गावाबाहेर पडता येत नाही. उन्हाळ्यात एक धार आटून नुसती रेती उरते. दुसरीत वरच्या धरणाने सोडलं तर पाणी, नाही तर शेवाळ. हातपंपाच्या पाण्यात इतकं लोखंड, की पांढरा भात शिजून लाल होतो. मग बायका नदीच्या रेतीत झिरा उकरतात आणि तळाशी जमणारं पाणी वाटीने गुंडीत, म्हणजे घागरीत, भरतात. टँकर दरवर्षी मंजूर होतो. तो पलीकडच्या काठापर्यंत येतो, रेती पाहतो आणि हॉर्न वाजवतो. पुढचं गावाने पाहायचं. म्हणजे पावसाळ्यात पाणी फार म्हणून आमचे हाल आणि उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून. मधले काही महिने आम्ही इतर माणसांसारखे असतो.

उरकुडाभाऊ जन्माने इथलेच. पण नोकरी सगळी चंद्रपुरात गेली, एका कचेरीच्या टंचाई शाखेत शिपाई म्हणून. टंचाईच्या बैठकीत साहेबलोकांपुढे पाण्याचे ग्लास ठेवणं हे त्यांचं मुख्य काम. "माझ्या सर्विसमधी टंचाईच्या मीटिंगले पाणी कमी पडलं असं एकदाबी झालं नाई," हे वाक्य ते अजूनही मान ताठ करून सांगतात, आणि त्यात काही गमतीचं आहे असं त्यांना आजवर वाटलेलं नाही.

ग्लास ठेवता ठेवता ती भाषा त्यांच्या कानात गेली आणि तोंडातून बाहेर येऊ लागली. निवृत्त होऊन गावात आले तेव्हा बरोबर दोन गोष्टी आणल्या: लिलावात घेतलेली साहेबांच्या टेबलावरची घंटी, आणि ही भाषा. घंटी कधी कधी अडकते. भाषा अडकत नाही. म्हशीने कडबा खाल्ला नाही तर ती "प्रतिसाद देत नाही". भाजीत मीठ जास्त झालं तर "तरतुदीपेक्षा अधिक खर्च" होतो. शेजारच्या सखूबाईंनी एकदा विचारलं, "का भाऊ, जेवलात काय?" तर म्हणाले, "कार्यवाही सुरू हाय." सखूबाई घरात येऊन सुनेला म्हणाल्या, "बुढा भात शिजवून राह्यला वाटते."

पुरात दुष्काळ का, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला एखाद्या नवीन साहेबाला समजावावं तसं समजावलं.

"हे पाहा गुरुजी. टंचाईचा आराखडा हिवाळ्यात बनते. त्याची फाइल उन्हाळ्यात फिरते. मंजुरी येते तवा पाऊस पडून राह्यला असते. मी इतके वर्षं पाह्यलं. म्हून मी पावसातच सुरू करतो. पाणी अन् मंजुरी दोन्ही एकाच टायमाले भेटते."

त्या दिवसापासून मी माठ भरून ठेवू लागलो.

पण माणूस नुसता भाषेसाठी पुरात फिरत नाही. यामागे मंदा होती. मंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी, चंद्रपुरात दिलेली. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. इतर गावांत शाळांना सुट्ट्या लागल्या की लेकी पोरांना घेऊन माहेरी येतात आणि गाव भरून जातं. आमच्याकडे उलटं. चैत्र लागला की टोल्यातल्या आया लेकींना फोन करून सांगतात, यंदा नको येऊ, पाणी नाही. लेकी यायच्या त्या माघात, तुरीच्या शेंगा खायला, पोरांना शाळा असते म्हणून एकट्याच, आणि दुसऱ्या दिवशी परत. माहेरपण म्हणायचं तर ते एवढंच.

मंदा लग्नानंतर एकदाच उन्हाळ्यात आली होती. धाकट्याला झिऱ्याच्या पाण्याने हगवण लागली. टँकरला जी रेती ओलांडता येत नाही, तिच्यातून पोराला बाजेवर घालून चौघांनी पलीकडे नेलं. पोर वाचलं. निघताना मंदा म्हणाली, "बाबा, विहिरीले पाणी राहीन त्या उन्हाळ्यात येईन." दुसऱ्या एखाद्या बापाने ते रागाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. उरकुडाभाऊंनी ते शासनाच्या निर्णयासारखं डोक्यावर घेतलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, सखूबाईंनी सांगितलं. सखूबाईंनी ते सगळ्या गावाला सांगितलेलं होतं, त्यामुळे उरकुडाभाऊ "सार्वजनिक हित" म्हणू लागले की सगळा गाव मनातल्या मनात "मंदा" म्हणत असे.

विहीर आहे बोडीच्या खाली. बोडी म्हणजे आमचा लहान तलाव. कोण्या जुन्या मालगुजाराने बेटाच्या उंच अंगाला बांधलेला. बोडीत पाणी असलं की झिरपून विहिरीत येतं. बोडी आटली की विहीर आटते. एवढं साधं गणित. पण बोडी गाळाने भरली होती, आणि उरलेलं पाणी धानाला सोडायची रीत होती. तिच्या मातीच्या पाळीखाली दगडी तोंड आहे, त्याला तुडूम म्हणतात. तिथला बुचासारखा बुंधा काढला की पाणी खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जातं. भादव्यात तुडूम उघडायचं, धान वाचवायचा आणि उन्हाळ्यात झिरा उकरायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

उरकुडाभाऊंनी आधी गाळ काढवला. कसा काढवला ते सांगण्यासारखं आहे. त्यांनी जाहीर केलं, की बोडीतला गाळ नेण्यास सक्त मनाई आहे, कारण तो शेताला फार चांगला असतो. आठवड्याभरात बैलबंड्यांची रांग लागली. वासुदेव भोयर, ज्याची जमीन बोडीखाली सगळ्यांत जास्त, त्याने तर ट्रॅक्टर डोंग्यांवर आणता येईल का याची चौकशी केली. उरकुडाभाऊ पाळीवर उभे राहून "हे नियमबाह्य हाय, हे नियमबाह्य हाय" असं ओरडत होते, आणि कोणी थांबलं की त्याच्याकडे बघत होते, काऊन थांबला म्हणून.

मग शाळेच्या टिनाला पन्हाळी लावली आणि पावसाचं पाणी सिमेंटच्या टाक्यात घेतलं. टाक्याला कुलूप. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. मग आली 'राखीव'. प्रत्येक घरात एक गुंडी भरून, झाकून, देव्हाऱ्याजवळ ठेवायची आणि आठवड्याला पाणी बदलायचं. तिला हात लावायचा नाही.

"कायले?" सखूबाईंनी विचारलं.

"आपत्कालीन."

"म्हंजे माह्या घरात पाणी असून मी तहानेनं मरू?"

"तुम्ही मेल्यावर ते वापरता येते, बाई."

"मी मेल्यावर मले कायले पाह्यजे वो पाणी!"

"तुमाले नाई. भेटाले येणाऱ्यायले."

मागच्या श्रावणात त्यांनी दुष्काळाची रंगीत तालीम ठेवली. गावाने आठवडाभर विहीर आणि हातपंप बंद ठेवायचे आणि साठवलेल्या पाण्यावर राहायचं. दवंडी झाली, घंटी वाजली, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. बेटाच्या दोन्ही अंगांनी नदी चढली. मी म्हटलं, "भाऊ, आता तालीम पुढे ढकला."

"वेळापत्रक जाहीर झालं, गुरुजी. पुराले आपण नोटीस दिली नव्हती, त्यानंबी आपल्याले दिली नाई."

गावातल्या एका सुनेने माहेरी फोन केला, की इकडे पाण्याचे हाल आहेत, उरकुडाभाऊ मोजून देऊन राह्यले. माहेरच्यांनी तालुक्याला कळवलं. तालुक्यात त्याचं 'पुरात अडकलेल्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी हाहाकार' असं झालं. आणि पावसात मोटारबोट आली. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं, दोरखंड, बाटलीबंद पाण्याची खोकी आणि एक तरुण साहेब, केसापासून बुटापर्यंत भिजलेला. त्यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. पुराच्या पाण्याने शाळेच्या पायऱ्या धुऊन निघताहेत, आणि वरच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले उरकुडाभाऊ रांगेतल्या बायकांना माप लावून पाणी देताहेत.

"इथे पूर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हाय जी."

"मग ही रांग कशाची?"

"दुष्काळाची."

"कुठल्या दुष्काळाची?"

"येत्या उन्हाळ्याच्या."

साहेब पोरांच्या बाकावर बसले. उरकुडाभाऊंच्या अंगात मात्र जुनी नोकरी संचारली. त्यांनी कुठून तरी ट्रे काढला, ग्लास धोतराच्या सोग्याने पुसला, दोन पावलं मागे सरकून तो साहेबांपुढे धरला आणि हात बांधून उभे राहिले. साहेब प्याले.

"पाणी चांगलं आहे हो."

"टिनाचं हाय, साहेब. वस्त्रगाळ."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या निवृत्तीच्या फोटोतसुद्धा पाहिलेला नाही. साहेबांची अडचण वेगळी होती. त्यांना वर काही तरी कळवायचं होतं. "मी काय लिहू? पूर लिहू की टंचाई? दोन्हीचे रकाने वेगळे आहेत."

"पूर चालू, साहेब," उरकुडाभाऊ म्हणाले. "टंचाई संभाव्य."

साहेबांनी ते लिहून घेतलं. बाटल्यांची खोकी राखीवमध्ये जमा झाली. बोट गेली त्या संध्याकाळी विहिरीत पुराचं पाणी शिरलं, हातपंप बुडाला, आणि पुढचे सात-आठ दिवस सगळा गाव शाळेच्या टाक्यावर आणि देव्हाऱ्याजवळच्या गुंड्यांवर जगला. दर पुरानंतर घरोघरी हगवण असते. त्या वेळी नव्हती. वासुदेव म्हणाला, "योगायोग हाय." पण राखीव गुंडी त्याच्या घरात तेव्हापासून दोन झाल्या.

खरी लढाई भादव्यात झाली. पुराने एवढा छळ केला आणि मग पाऊस असा गेला, की आभाळाने जणू हात झटकले. धान गर्भात होता. याच वेळी त्याला पाणी नाही मिळालं तर लोंबीत दाणा भरत नाही. बोडी काठोकाठ भरलेली. तुडूम उघडलं तर धान वाचणार होता, आणि चैत्रात विहीर कोरडी पडणार होती.

वासुदेव माणसं घेऊन आला. त्याचं चुकत नव्हतं. तो म्हणाला, "काकाजी, तुडूम उघडतो."

उरकुडाभाऊंनी घंटी वाजवली. "सभा घ्या लागते."

सभा बोलावली. तिला कोरम नव्हता. दुसऱ्या दिवशी कोरम होता, तर विषय पत्रिकेवर नव्हता. तिसऱ्या दिवशी विषय होता, तर पाहणी समिती नेमावी असं ठरलं. समितीत मी. आम्ही बोडीवर गेलो, पाणी आहे हे पाहिलं आणि परत आलो. उरकुडाभाऊ म्हणाले, अहवाल स्वच्छ प्रतीत पाहिजे.

वासुदेव भडकला. "धान वाळून राह्यला ना जी! तुमाले कागद कायले पाह्यजे? लेक येवाची हाय म्हून गाव उपाशी ठेवता काय?"

मंदाचा विषय त्या दिवसापर्यंत कोणी त्यांच्या तोंडावर काढला नव्हता. उरकुडाभाऊंचा हात घंटीवर होता, तो तिथेच राहिला.

"माहीबी बांधी हाय तिथीच," ते हळूच म्हणाले. "तुडमाच्या तोंडाशी. सगळ्यात पहिले पाणी मलेच भेटते, वासुदेवा. माहाबी वाळून राह्यला." मग त्यांना आपली भाषा आठवली. "सभा तहकूब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना त्यांच्या बांधीवर गाठलं. ते एक लोंबी चिमटीत धरून दाबून पाहत होते. मी विचारलं, "भाऊ, पाऊस आलाच नाही तर?"

त्यांनी कुठलाही सरकारी शब्द शोधला नाही. "नाई आला तं मी सोताच उघडतो, गुरुजी. बाजाराच्या दिवसापर्यंत पाहतो. लोकायचा धान मारून लेकीले पाणी नाई पाजत मी."

बाजाराच्या दिवशी ते खरंच लोखंडी सब्बल खांद्यावर टाकून पाळीवर आले. वासुदेव, त्याची माणसं, सखूबाई, मी, सगळे होतो. त्यांनी खाली उतरून बुंध्याला सब्बल लावली, आणि मग तशीच धरून उभे राहिले. बराच वेळ. गडचिरोलीच्या बाजूने वारा सुटला तेव्हा मी छत्रीविषयी विचार करत होतो. पहिले थेंब पाळीवर पडले. मग सरळ सर आली. उरकुडाभाऊ सब्बल धरून भिजत उभे होते आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं.

"आता का करता, काकाजी?" वासुदेवाने वरून विचारलं.

"विषय निकाली," ते म्हणाले, आणि वर येताना घसरले. वासुदेवाने हात दिला.

ज्या दिरंगाईपायी त्यांच्या शाखेचे टँकर वर्षानुवर्षं उशिरा पोचले, त्याच दिरंगाईने आमची बोडी वाचवली. प्रशासनाचा एवढा सदुपयोग झालेला मी दुसरा पाहिला नाही. गावाचा धान बहुतेक सगळा तरला. उरकुडाभाऊंची बांधी तेवढी रेताड, ती इतके दिवस थांबली नाही. त्यांच्या हाती दाण्याऐवजी नुसती तणस आली. म्हशीने मात्र चांगला प्रतिसाद दिला.

आणि चैत्र आला, तरी विहिरीत पाणी होतं.

गावात फोन लागतो तो फक्त बोडीच्या पाळीवर. त्यामुळे तिथे उभं राहून बोललेलं काहीही खासगी राहत नाही. रोज सकाळी उरकुडाभाऊ पाळीवर. "हाव, आजबी हाय... खाली दगड नाई दिसून राह्यला... गोड हाय. पाहाले कायले, पिऊन पाह्य ना... बरं, बरं. विचारून सांग." गावातल्या प्रत्येक आईला त्यांनी सांगितलं, लेकींना कळवा, पाणी आहे. सखूबाई म्हणाल्या, "अन् विहिरीवरचं ते दोन गुंड्यायचं माप?" ते म्हणाले, "परिपत्रक निघन."

त्यांनी घर सारवलं. भिंतीला चुना दिला. पोरं उघड्यावर झोपतील म्हणून मच्छरदाणी आणली. आठवडी बाजारातून एक मोठी प्लास्टिकची बादली आणि गुलाबी रंगाचा मग आणला. तो गुलाबी मग हातात धरून ते डोंग्यातून उतरले, तेव्हा घाटावरचे सगळे दुसरीकडे बघू लागले.

सुट्ट्या लागल्या, आणि मंदाचा फोन आला. मी माझ्या घरी फोन करायला गेलो होतो, म्हणून पाळीवर होतो. थोरल्याचा कसला तरी क्लास लागला होता. जावयाच्या कामाच्या पाळ्या बदलल्या होत्या. आणि क्वार्टरमध्ये कूलर आहे, नळाला पाणी आहे, पोरांना आता तिथेच बरं वाटतं. "तुमीच या ना बाबा इकडे," एवढं मला स्पष्ट ऐकू आलं, कारण उरकुडाभाऊ फोन कानापासून दूर धरून ऐकतात.

"बरं बरं," ते म्हणाले. "पोरायचं शिक्षण पहिले. इथी काय, पाणी काई पळून नाई जात." फोन खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंदाचा दौरा पुढे ढकलला." मग पाळ उतरून गेले. मी कोणाला फोन करायला आलो होतो ते विसरून गेलो.

मंदा आली नाही. पण गावातल्या इतर लेकी आल्या. आधी सखूबाईंची रंजना आली, सावलीहून, पोरीला कडेवर घेऊन दुपारच्या रेतीतून चालत. मग वासुदेवाची बहीण. मग रोज कोणी ना कोणी. घाटावर पिशव्या आणि पोरं उतरत होती. ज्या गल्लीत उन्हाळ्यात फक्त कोंबड्या दिसायच्या तिथे बायका ओसऱ्यांवर बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या. गावाला धास्ती एकच होती. एवढी माणसं वाढली, आता उरकुडाभाऊ काय करणार? सखूबाईंनी रंजनाला बजावलं, की विहिरीवर पहाटेच जा, बुढा उठायच्या आत, आणि दोन गुंड्यांवर घेऊ नको.

रंजनाला जाग उशिरा आली. मी विहिरीवर पोचलो तेव्हा तिने पोरीचं डोकं साबणाने माखलं होतं आणि बादली जवळजवळ संपत आली होती. तेवढ्यात उरकुडाभाऊ आले. रंजनाने घाईघाईने गुंडी पदराआड केली.

"कोणाची वो तू?"

"सखूबाईची रंजना, काका."

"केस धुऊन राह्यली पोरीचे?"

"हाव जी. थोडंसंच घेतलं. झालंच आता."

उरकुडाभाऊंनी पोरीकडे पाहिलं. ती डोळे घट्ट मिटून, ओठ पुढे काढून उभी होती, साबण डोळ्यात जाईल म्हणून. त्यांनी धोतर खोचलं, रंजनाच्या हातातला दोर घेतला, बादली सोडली, भरून वर ओढली आणि पोरीपुढे ठेवली.

"दोन पाण्यानं धू," ते म्हणाले. "डोक्यात साबण राह्यला तं रातभर खाजवते लेकरू."

"काका, राहू द्या ना. आई म्हणे, माप हाय..."

"ते घरच्यायले. तू पाहुणी व्हय."

रंजनाने पाणी ओतलं. पोर पहिल्या तांब्याला किंचाळली, दुसऱ्याला हसली, आणि मग तिने बादलीत दोन्ही हात घालून पाणी उडवलं. निम्मं अंगावर, निम्मं दगडावर. दगडावरचं पाणी वाहत नालीकडे गेलं. सगळं गाव जे थेंब सांडल्यावर बोलणी खात होतं, त्या थेंबांकडे उरकुडाभाऊ पाहत राहिले. बादली रिकामी झाली, तशी त्यांनी ती पुन्हा विहिरीत सोडली.

मागून वासुदेवाची बहीण आली, दोन पोरांना घेऊन. तिच्या मागे आणखी कोणी तरी. मी माझी गुंडी घेऊन उभा होतो. माझा नंबर लागायला त्या दिवशी बराच वेळ गेला.